बंपर वाचवणारं गार्ड

शेजारच्या अविनाशने नव्या गाडीला पुढे जाड लोखंडी गार्ड बसवून घेतलं आणि फडक्याने ते पुसत बसला. मी फाटकाशी उभी होते.

"कशाला रे हे?"

"काकू, बंपर नुसता चेपला तरी केवढा खर्च! विमा मागायला जावं तर पुढचा हप्ता वाढतो. त्यापेक्षा हे बरं."

माझा मुलगा दिलीप असंच म्हणायचा. जास्तीचे पैसे देऊन त्याने एअरबॅगवाली गाडी घेतली, आणि मग बंपर जपायला गार्ड लावलं. कुत्रं आडवं आलं, गाडी झाडावर गेली. एअरबॅग उघडल्याच नाहीत. दिलीप जागीच गेला. गॅरेजवाला म्हणाला, गार्डामुळे धक्का गाडीला नीट कळलाच नाही.

आपण वस्तू फार जपतो. सोफ्यावरचं प्लास्टिक काढत नाही, रिमोटला पिशवी घालतो. ओरखडा रोज डोळ्यांसमोर राहतो, म्हणून त्याची भीती वाटते. मरण आपल्याला दुसऱ्याच्याच घरातलं वाटतं. मलाही वाटायचं.

अविनाशला मी हे सगळं सांगितलं.

"मी हळू चालवतो, काकू," तो म्हणाला.

"तोही हळूच चालवायचा."

तो पुन्हा गार्ड पुसू लागला. मग उरलेलंही सांगून टाकलं. दिलीपची गाडी भंगारात दिली, तेव्हा भंगारवाल्याने गार्ड तेवढं वेगळं काढून ठेवलं. म्हणाला, "हे चांगलं आहे आजी, दुसऱ्या गाडीला बसेल."

अविनाशचा पुसणारा हात थांबला.