पुढच्या खिळ्यावरची हलगी

तुमच्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात हलगी कुठे असते, सांगता येईल?

सतार कुठे असते ते सांगाल. काचेत, दिव्याखाली. पेटी, तबला, गिटार कुठे असतात तेही सांगाल. हलगी मात्र मागावी लागते. मग दुकानदार ‘आहे, आहे’ म्हणत आत जातो, खोकी सरकवतो आणि धूळ झटकत ती घेऊन येतो. सातारा-सांगलीतली बरीच दुकानं मी हिंडले आहे, म्हणून सांगते. जिच्याशिवाय आपल्याकडे वरात निघत नाही, कुस्तीचा फड रंगत नाही, मयतसुद्धा उठत नाही, ती दुकानात तोंड लपवून बसते.

आमच्या दुकानात ती पुढच्या खिळ्यावर आहे. उंच माणूस बेसावध आत आला तर त्याच्या कपाळाला लागेल इतकी पुढे.

दुकान इस्लामपुरात, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. ते माझ्या आईचं आहे. पाटीवर मालक म्हणून तिचंच नाव आहे, आणि ती पाटी बाबांनी स्वतःच्या हातानं रंगवली आहे. बाबा साखर कारखान्यात कामाला. उरलेल्या वेळात ते पत्रकं लिहितात. ऊसतोड मजुरांची, अंगणवाडीच्या बायांची, पाण्यासाठी तहसीलवर जाणाऱ्या जतच्या लोकांची. शाळेतल्या तक्त्यावर ‘ह’ हरणाचा होता, आमच्या घरी तो हक्काचा होता. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि अजूनही मला लांब वाक्यांचा संशय येतो.

दुकानाच्या काउंटरवर एका बाजूला भजनांच्या चोपड्या, पेटीच्या सरगमच्या आणि तबल्याच्या बोलांच्या पुस्तिका. दुसऱ्या बाजूला बाबांच्या पत्रकांचा गठ्ठा. पुस्तिका विकत, पत्रक फुकट. साताऱ्याकडच्या भजनी मंडळांतले म्हातारे टाळ घ्यायला यायचे आणि मजुरीवाढीचं पत्रक टोपीत खोचून जायचे. उरलेली पत्रकं वाया जात नसत. पावसाळ्यात हलगीचं कातडं सादळतं, काडी मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखं वाटतं. कागदाच्या जाळावर धरली की कातडं ताणून येतं, आवाज मोकळा होतो. आमच्याकडे हलगी तापायची ती जुन्या पत्रकांवर. बाबांना त्याचं वाईट कधीच वाटलं नाही. उलट पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

आईचं माहेर पलूसकडचं. तिच्या वडिलांच्या खांद्याला हलगी, त्यांच्या वडिलांच्याही. लग्न असो नाहीतर मयत, पुढे हलगी आणि मागे गाव. पंगत बसली की मात्र गाव पुढे, आणि हलगी सगळ्यांच्या शेवटी, लांब, झाडाखाली. आईनं ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं. दुकान टाकलं तेव्हा तिनं पहिला खिळा ठोकला तो हलगीसाठी. सतार नंतर आली.

सतार आणायला ती मिरजेला एसटीनंच जायची. एकदा मी बरोबर होते. परत येताना खिडकीजवळच्या सीटवर तिनं सतार बसवली, आम्ही दोघी शेजारी. कंडक्टर आला.

“आवं ताई, ह्या भोपळ्याचं अर्धं काढू का फुल?”

“फुल काढा. पण उठवाया लावू नका तेला. लय नाजूक पावनं हाय.”

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं तिकीट काही काढलं नाही, पण कराडच्या एका आजोबांना बसायला जागा हवी होती तेव्हा मलाच उठवलं.

आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे: वाजवल्याशिवाय काही विकायचं नाही. गिऱ्हाइकाला येत नसेल तर आई वाजवून दाखवते. तबला हातोडीनं ठोकून जुळवते, पेटीवर सरगम काढते, सतारीच्या तारा छेडते. फक्त हलगी ती वाजवायची नाही. त्यासाठी माझा मामा यायचा. माहेरी मुलींच्या हातात काड्या देत नसत. ताल तिला सगळे पाठ होते, पण ते तिनं जेवणाच्या ताटावर बोटांनी वाजवलेले. भर बाजारात, रस्त्यावर, बाईनं हलगी वाजवायची हे तिच्या घरात कुणी केलं नव्हतं. तिनंही केलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात एका मुलींच्या शाळेनं संगीताची खोली सजवायला काढली. संस्थेतले एक कारभारी सर आणि शाळेच्या संगीताच्या बाई दुकान बघायला येणार होत्या. एवढ्या मोठ्या शाळा आमच्यासारख्या दुकानात येत नाहीत, त्या सांगली-कोल्हापूर गाठतात. हे गिऱ्हाईक मिळालं तर तालुक्यातल्या बाकीच्या शाळाही मागोमाग येतील, हे आईला माहीत होतं. तिनं आदल्या दिवशी काचा पुसल्या, पेट्यांच्या पट्ट्या पुसल्या. मी सांगलीहून कॉलेजला सुट्टी टाकून आले होते. मामा मात्र गावी होता.

सरांनी सगळं ऐकलं. पेटी ऐकली, तबला ऐकला, सतारीला मान डोलावली. बाईंनी तर दोन पेट्या बाजूला काढूनही ठेवल्या. मग सर दाराकडे वळले आणि वर बघून थांबले.

“ताई, माल एक नंबर ठेवलाय. पण हे पुढं काय टांगलंय?”

“हलगी.”

“ते दिसतंय हो. मी म्हणतो, ही आत ठेवा. उद्या आमच्या मुली येणार, पालक येणार. दारात शिरताना हेच डोळ्यांसमोर. संगीताचं दुकान वाटायला पाहिजे ना?”

“मग आत्ता कशाचं वाटतंय?”

“राग नका मानू. मिरवणुकीचं वाजप आहे ते. त्यात सूर वगैरे काही नसतो. एवढी एक काढा, आणि आपलं कायमचं ठरलं समजा.”

पत्रकात शोभतील अशी चार वाक्यं माझ्या ओठांवर आली होती. आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गिळली.

“सर,” ती म्हणाली, “आमच्यात वाजवल्याबिगर काय विकत न्हाईत. तुमी समदं ऐकलंसा. हिला ऐका, मग बोला.”

मी तिच्या कानाशी गेले. “आई, मामा नाहीये.”

“मामा कशाला लागतोय?”

तिनं काउंटरवरचा गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला. “पेटव.”

पायरीवर मी जाळ केला. आईनं खिळ्यावरून हलगी काढली, जाळावर धरली, फिरवली, बोटानं टिचकी मारून ऐकली, पुन्हा फिरवली. मग पदर खोचला, पट्टा खांद्याला अडकवला, एका हातात जाड काडी, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी घेतली, आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. क्षणभर तिचा हात वर तसाच थांबला. मला वाटलं, आता खाली येणार नाही.

आला. पहिली काडी पडली तशी समोरच्या चहाच्या गाड्यावरचे लोक वळले. सुरुवातीला ताल जरा अडखळला, मग सावरला, मग धावला. कुस्तीच्या फडात पैलवान खडाखडी करतात तेव्हाचा ताल. बारीक काडी कातड्यावर तडतडत होती आणि जाड काडीचा ठोका माझ्या छातीत लागत होता. स्टँडकडे निघालेली कॉलेजची पोरं थांबली. एक रिक्षा थांबली. चहावाला तिथूनच ओरडला,

“वैनी, वरात कुनाची निघाली म्हनायची?”

“माजीच हाय! या नाचाया!”

दोन पोरं खरंच नाचली. संगीताच्या बाईंची टाच जमिनीवर ताल धरत होती. सर मोबाइलमध्ये बघत होते.

आई थांबली तेव्हा घामानं निथळत होती. तिनं हलगी पुन्हा त्याच खिळ्याला लावली आणि विचारलं, “आता सांगा सर, आत ठिऊ?”

सर म्हणाले, “तुमच्या कलेचा मान आहेच, पण शाळेचं जरा वेगळं असतं.” आणि गाडीत जाऊन बसले. बाईंनी बाजूला काढलेल्या पेट्यांवरून एकदा हात फिरवला, आईकडे बघितलं आणि त्यांच्या मागे गेल्या. शाळेची वाद्यं दुसरीकडून आली.

“वैनी, हातातलं गिऱ्हाईक घालवलंसा की वं,” चहावाला चहा घेऊन आला तेव्हा म्हणाला.

“गेलं तर जाऊ दे. दार उघडंच हाय. पन दारात काय असावं ते मी ठरवनार.”

संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि काउंटरवर गठ्ठा शोधायला लागले. तेव्हा कळलं, आईनं जुनी पत्रकं सोडून दुसऱ्या दिवशीच्या सभेची नवी पत्रकं दिली होती, आणि मीही न बघता पेटवली होती. बाबा पायरीवरच्या राखेकडे बघत उभे राहिले.

“लोकं जमली हुती का?” त्यांनी विचारलं.

“व्हय. रस्ता भरला हुता.”

“मग झाली की वाटून.”

पुढच्या आठवड्यात संगीताच्या बाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, शाळेसाठी एक हलगी द्या, सरांचं मी बघते. आईनं दुकानातल्या सगळ्या हलग्या वाजवून त्यातली सगळ्यांत खणखणीत निवडून दिली. ती शाळेत पोचली, हे नक्की. भिंतीवर पोचलेली नाही. सतार आणि तंबोरा भिंतीशी उभे आहेत, आणि हलगी कपाटात आहे, असं तिथल्याच मुली सांगतात. किल्ली मागावी लागते. बाई मागतात, दर वेळी मागतात.

त्या मुलींपैकी काही जणी आता रविवारी सकाळी आमच्या पायरीवर असतात. आई शिकवते. मामा आला की स्टुलावर बसून चुका काढतो, “हात सैल सोड गं, भाकरी थापतीस व्हय?” एक पोरगी त्याला म्हणाली, “मामा, तुमाला भाकरी तरी येतीया का?” त्या दिवसापासून तो तिला जास्त वेळ शिकवतो. माझ्या आजोबांना ज्या काड्यांमुळे लांब बसवलं, त्या काड्यांसाठी या पोरींचं भांडण लागतं. हे बघताना माझी मान ताठ होते, आणि ती लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आता तुमचं काम. या आठवड्यात तुमच्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात जा. काही विकत घेतलं नाहीत तरी चालेल. हलगी मागा. तापवायला लावा, वाजवायला लावा, उभं राहून ऐका. मग दुकानदार ती परत आत न्यायला लागेल, तेव्हा त्याला सांगा, ही आत नेऊ नका, पुढच्या खिळ्याला लावा. तो लावेपर्यंत पायरी उतरू नका.