खुनाच्या सिनेमातली गुणगुण

सावद्याच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा मान जीवरामचा होता. घरची केळीची बाग सांभाळून लग्नसराईत तो आसपासची गावं गाजवायचा. घरात वाजवायला बसला की बायको मंदाबाई भाजी निवडता निवडता गुणगुणायची. तो डोळ्यांनीच तिला गप्प करायचा.

ब्याण्णव साली रुपचंदने सिनेमा काढायचं ठरवलं. रुपचंद लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाला. आखातात नोकरी करणाऱ्या त्याच्या मावसभावाने इटलीच्या खूनपटांच्या कॅसेट आणल्या होत्या आणि त्या पाहून रुपचंदला दुसरं काही सुचेना. काळे हातमोजे घातलेला खुनी, लालभडक उजेड, आणि ऐन खुनाच्या वेळी अंगाईसारखं गोड संगीत! तसाच सिनेमा त्याला केळीच्या बागेत करायचा होता.

"जीवरामभाऊ, संगीत तुमचं," तो घरी येऊन म्हणाला. "तिकडे अशा सिनेमाला पिवळा सिनेमा म्हणतात. पूर्वी तिकडे खुनाच्या गोष्टींच्या पुस्तकांना पिवळी कव्हरं असायची, म्हणून."

जीवराम खूश झाला. त्याने लगेच एक चाल वाजवून दाखवली. पण रुपचंदचं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं होतं. आत मंदाबाई गुणगुणत होती.

"हे! अगदी हेच पाहिजे," तो म्हणाला. "शब्द नाहीत, नुसता बाईचा आवाज. वहिनींना आणाल का?"

जीवरामने वाद्य खाली ठेवलं. पंचवीस वर्षं त्याने क्लॅरिओनेट फुंकलं होतं, आणि ही बाई मेथी निवडता निवडता पसंत पडली. "तिला नाही जमायचं, घसा बसतो तिचा," त्याने ठोकून दिलं.

पण आठवडे बाजारात रुपचंद मंदाबाईलाच भेटला. ती घरी आली ती विचारतच. "माहा घसा कधी बसला हो?"

"पिवळा सिनेमा आहे तो," जीवराम आवाज चढवून म्हणाला. "पिवळी पुस्तकं कशाले म्हनता, माहीत आहे ना? घरंदाज बाईनं जायाचं का तढी?"

"मंग तुम्ही कसे जाता?"

जीवराम क्लॅरिओनेट उचलून ओट्यावर जाऊन बसला.

रुपचंदच्या स्टुडिओत खिडक्यांना गोधड्या लावून रेकॉर्डिंग झालं. मंदाबाईने तोंड उघडलं की जीवरामचं क्लॅरिओनेट चढायचं. रुपचंद दोनदा "भाऊ, जरा हळू" म्हणाला. शेवटी अवघडून बोलला, "भाऊ, या तुकड्यात तुम्ही थांबा."

जीवराम बाहेर पायरीवर जाऊन बसला. दारातून तिचा आवाज येत होता. ती माहेरी धाकट्या भावंडांना झोपवायची ती अंगाई होती. लग्न झाल्यापासून तो ती ऐकत होता. पण ती इतकी खोल उतरते, हे त्याला आज कळलं. तेही परक्याने दाखवल्यावर. यामुळे त्याचा संताप आणखीच वाढला.

व्हिडिओ सेंटरवर सिनेमा लागला तेव्हा गर्दी उसळली. केळीची पानं बाजूला सारत रेनकोटातला खुनी आला, आणि सोबत ती गुणगुण. पुढच्या बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरले. वस्तरा निघायच्या आधीच लोक घाबरले होते. दुसऱ्या दिवसापासून गावात जीवरामला 'मंदाबाईचे मालक' म्हणू लागले.

पुढच्याच महिन्यात पाचोऱ्याच्या एका लग्नात नवरी निघताना जीवरामने तीच चाल वाजवली. मांडवात सगळ्यांचे डोळे भरून आले. एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "चाल कोनाची रे?"

"माहीच," तो म्हणाला.

मंदाबाईची बहीण, कुंदाबाई, त्याच मांडवात होती. बोलणं सावद्याला पोचलं. मंदाबाई भांडली नाही. फक्त तिची गुणगुण थांबली. भाजी निवडली जायची, दळण व्हायचं, पण घर मुकं. जीवराम सराव करता करता मध्येच थांबून कान द्यायचा. आत नुसता भांड्यांचा आवाज.

रुपचंद दुसऱ्या सिनेमासाठी आला. ओट्यावर शेजारचे दोघे-तिघे बसले होते. मंदाबाई दारातच म्हणाली, "यांनाच विचारा. चाल यांचीच आहे म्हने."

सगळे जीवरामकडे पाहू लागले. होय म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

"चाल तिची आहे," तो शेवटी म्हणाला. "मी चोरली."

मंदाबाईने पदर खांद्यावर ओढला आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या सिनेमात जीवराम वाजवायला गेला नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो बागेला पाणी देत राहिला आणि घरी येऊन उगाच ताटात खोट काढली. मत्सर काही एका कबुलीने जात नाही. पण सिनेमा लागला त्या दिवशी तो आधी जाऊन मागच्या बाकावर बसला. पडद्यावर मंदाबाईचं नाव आलं. शेजारच्या झिपरूने कोपराने ढोसलं.

"भाऊ, यात तुमचं काहीच नाही का?"

"नाही," जीवराम म्हणाला. "गप बस. ऐकू दे मले."