डॉक्टर शाळेत आले त्या दिवशी

संत्र्यांवर फवारायला मुलाने मोरचूद आणला आणि त्या निळ्या खड्यांकडे पाहताच मला इंग्रजी अमलातली आमची अमरावतीची मुलींची शाळा आठवली.

मी चौथीत होते, वर्गाची मॉनिटर. वर्षातून एकदा सरकारी डॉक्टर येऊन मुलींची नखं, केस, दात बघत. पापण्यांच्या आत खुपऱ्यांचे दाणे दिसले की पापणी उलटून आतून मोरचुदाचा खडा फिरवत. फार आग होई. पुढे त्या मुलींना रोज दवाखान्यात औषध मिळे; नाहीतर खुपऱ्यांनी नजर जाते, हे मला फार उशिरा कळलं.

माझी मैत्रीण गिरजा फुलं विकणाऱ्या माळ्याची लेक. महिनाभर तिचे डोळे लाल होते. रांग लागली तशी तिने माझा हात घट्ट धरला.

"मले लय भेव लागते वं. बाईले सांग नं, गिरजा आज आलीच नाही."

मी तिला पाण्याच्या खोलीत रांजणामागे बसवलं. नाव पुकारल्यावर म्हणाले, "ती नाही आली, बाई." डॉक्टरांनी यादीत रेघ मारली. मैत्रिणीला वाचवल्याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

पुढे बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा गिरजेला भेटायला गेले. ती ओसरीवर फुलं चाचपून हार ओवत होती. बुबुळं पांढुरकी झाली होती. तिने मला आवाजावरून ओळखलं आणि भावजयीला कौतुकाने सांगितलं, "इनंच लहानपणी मले डाक्टरच्या हातून वाचवलं होतं."

मी तिच्याजवळ बसले आणि एकेक फूल उचलून तिच्या हातात देऊ लागले.