गढीच्या दरवाजाची उत्तर भिंत

आमच्या गावच्या गढीच्या दरवाजाची उत्तरेकडची भिंत कशामुळे फुगली, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. या प्रश्नाचे एक उत्तर मी यापूर्वी लेखी दिले होते. त्याखाली माझी सही होती आणि त्या उत्तरावरून एका बाईच्या घराची मागची खोली पाडण्याची नोटीस निघाली होती. ते उत्तर चुकीचे होते. ते कसे चुकले हे क्रमाने सांगितल्याशिवाय बरोबर उत्तर सांगण्याचा मला अधिकार नाही.

गाव आंबागडच्या वाटेवर आहे. गढी माझ्या लहानपणीच मातीचा ढिगारा झाली होती. उरला तो एवढा दरवाजा. दोन जाड दगडी भिंती, त्यांवर कमान आणि कमानीवर गवत. शाळेत जाणारी मुले, बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर, सगळ्यांची वाट त्या कमानीखालून जाते. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो त्यानंतर आम्ही सात जणांनी हा दरवाजा सांभाळण्यासाठी एक मंडळ काढले. अध्यक्ष धानाचे मोठे शेतकरी, माझ्यापेक्षा वयाने लहान आणि आवाजाने मोठे. सचिव मी, कारण माझे अक्षर बरे. उरलेले पाचही शेतीवाले. येथेच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उत्तर भिंतीला लागूनच बौद्ध वस्ती सुरू होते आणि त्या वस्तीतला एकही माणूस आमच्या मंडळात नव्हता. आम्ही कोणाला नको म्हटले नव्हते हे खरे, पण या म्हणून विचारायलाही कोणी गेले नव्हते.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही श्रमदान केले. दगडांच्या सांध्यांतला जुना चुना बोट लावले तरी भुकटी होऊन पडत होता. तो खरवडून आम्ही सिमेंट भरले. मी दोरी धरून प्रत्येक सांधा सरळ करवून घेतला. भिंत आखलेल्या वहीच्या पानासारखी दिसू लागली आणि मला, खरे सांगायचे तर, फार समाधान वाटले. भिंतीच्या सगळ्यांत खालच्या थरात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मुठीएवढी सहा भोके होती. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका भोकातून धामण निघाली.

"बुजवा बाप्पा, बुजवा!" अध्यक्ष ओरडले. "लेकरं येतेत-जातेत इथून."

सहाही भोकांत दगडाच्या कपच्या ठोकल्या आणि वरून सिमेंट लावले. मी अहवालात 'सापांची बिळे बुजविली' असे लिहिले. उत्तर भिंत पुरी होते न होते तोच कापणी लागली, माणसे शेतात गेली आणि दक्षिण भिंत आहे तशी राहून गेली.

या वर्षी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, संपत आली तेव्हा उत्तर भिंत ओली दिसू लागली. मी वरून ओळंबा सोडून पाहिला. भिंतीचे पोट दोन बोटे बाहेर आले होते. ग्रामपंचायतीने मंडळाला कारण लेखी विचारले. मी तिथे फार तर दहा मिनिटे उभा राहिलो असेन. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला एका घराची न्हाणी टेकलेली होती आणि ओल नेमकी त्याच बाजूला दिसत होती. घरी येऊन मी लिहिले : 'लगतच्या घरातील न्हाणीचे पाणी पायात मुरत असल्याने भिंत फुगली आहे.' आठवड्याच्या आत त्या घराला नोटीस गेली. न्हाणी आणि तिला जोडलेली मागची खोली पंधरा दिवसांत काढून घ्यावी, नाहीतर पंचायत काढेल.

त्या घरातली बाई कधी काळी चौथीत माझ्या वर्गात होती. आता ती रोवणीला, निंदणीला जाऊन घर चालवते. नोटीस मिळाल्याच्या चौथ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही.

"गुरुजी, त्या खोलीत माहा नवरा पडून हाय. दोन वर्सं झाली, कमरेखाली जीव नाही त्याच्या. घसटत घसटत न्हानीपर्यंत जाते, म्हनून न्हानी तिथं बांधली. खोली पाडली तं त्याले मी कुठं ठेवू?"

मी म्हणालो, "मला ठाऊक आहे ग. पण भिंत पडली तर तुझ्याच घरावर पडेल."

"ते मले समजते. पन तुमी पाहून लिवलं का?"

"पाहूनच लिहिले."

"आत येऊन पाहिलं का?"

मी आत गेलो नव्हतो. तसे मी तिला सांगितले.

"शाळेत तं तुमी म्हनत होते, पाहिल्याबिगर लिवू नका म्हनून," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आठ दिवस मी न्हानीत थेंबभर पानी पडू देत नाही. रोज येऊन पाहा. भित सुकली तं मीच माह्या हातानं खोली पाडतो."

मुदतीचे अकरा दिवस उरले होते आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ग्रामसभा होती. मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी मी कमानीच्या खाली एका दगडात खिळा ठोकला, त्याला ओळंबा टांगला आणि खाली एक फळी पक्की करून ओळंब्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली. सकाळी सात वाजता मोजायचे असे ठरवले. बाईने न्हाणीच्या दाराला काथ्याने गाठ मारली. नवऱ्याला ती खाटेसकट कमानीजवळच्या, रस्त्याकडेच्या अंगणात आणून, चहूबाजूंनी लुगडे धरून आंघोळ घालू लागली. एका बाजूचे लुगडे तिची जाऊ धरायची. मी मोजायला जाई तेव्हा हे चालू असे. मी पाठ करून उभा राहत असे.

पहिले तीन दिवस पाऊस सतत पडत होता. तिसऱ्या दिवशी भिंतीचे पोट आणखी दोन मिलिमीटर पुढे सरकले. आम्ही कमानीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले आणि मुलांना लांबच्या वाटेने शाळेत पाठवायला सुरुवात केली. अध्यक्ष येऊन पाहून गेले.

"न्हाणी बंद आहे, तरी भिंत सरकते आहे," मी म्हणालो.

"दोन वर्साचं मुरलेलं पानी तीन दिवसात सुकते का गुरुजी?" त्यांनी उलट विचारले.

हा आक्षेप चुकीचा नव्हता. मी तो वहीत लिहून ठेवला. पण माझी खरी काळजी वेगळीच होती. भिंत पडली तर ती अंगणातल्या खाटेच्या बाजूलाच पडणार होती, आणि खाट अंगणात माझ्या प्रयोगामुळे होती.

पाचव्या दिवशी पाऊस थांबून ऊन पडले. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत दक्षिण भिंत पांढरी, कोरडी झाली. उत्तर भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळी ओली होती. दोन्ही भिंती एकाच काळाच्या, एकाच दगडाच्या, एकाच पावसात भिजलेल्या. तीस वर्षे मी मुलांना शिकवत आलो की दोन गोष्टींची तुलना करताना त्यांच्यात काय वेगळे आहे ते आधी शोधावे. तरीही मी फक्त 'दक्षिण कोरडी, उत्तर ओली' असे लिहिले आणि वही मिटली.

संध्याकाळी बाई शेतावरून परतत होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. दोराशी थांबून ती दक्षिण भिंतीच्या बुडाकडे पाहू लागली.

"गुरुजी, त्या भोकातून पानी गळून राहिलं, पाहिलं का?"

मी वाकून पाहिले. दक्षिण भिंतीच्या खालच्या थरातही तशीच सहा भोके होती आणि सहाहींतून पाण्याची बारीक धार लागली होती. पाऊस थांबून दीड दिवस झाला होता.

"मंग इकडून काहून नाही गळत?"

"इकडची भोके आम्ही बुजवली," मी म्हणालो.

"बुजवली?"

"साप निघाला होता."

"गुरुजी, बांधीले पानी काढाची वाट नाही ठेवली तं धुरा राहाते का? तुमच्या मंडळात सारे धानवालेच हायेत ना?"

बांधी म्हणजे धानाचा वाफा आणि धुरा म्हणजे त्याचा मातीचा बांध. पावसाळ्यात प्रत्येक धुऱ्यात पाणी सोडायला तोंड ठेवतात. हे आमच्याकडे सहा वर्षांच्या पोराला ठाऊक असते. मंडळातल्या सहा जणांनी ते जन्मभर केले होते, मी जन्मभर पाहिले होते. भिंतीजवळ गेल्यावर मात्र आम्हाला भोक दिसले की बीळ दिसत होते.

अनुमान झाले, पण ते तपासायला हवे होते. मी घरून छिन्नी आणि हातोडी आणली. भोक उघडायचे तर फुगलेल्या भिंतीच्या बुडाशी आडवे पडावे लागणार होते. बाईने आधी जावेच्या मदतीने नवऱ्याची खाट रस्त्यापलीकडे नेली, मग परत येऊन ओळंब्यासमोर बसली.

"सुतावर माहा डोळा हाय. हललं तं आवाज देतो, तवा लगेच सरका. म्हातारपनी हिरो बनू नका."

मी आडवा झालो. सिमेंट माझ्याच देखरेखीखाली भरलेले, म्हणून ते चांगले पक्के होते. दहा-बारा घावांनंतर पहिला तुकडा निघाला. डोक्यावर भिंतीचे पोट होते. प्रत्येक घाव मला दगडात नव्हे, दातांत जाणवत होता. दुसरी कपची हलवत असताना ती ओरडली, "सरका!" मी लोळत बाजूला झालो. वरून मुठीएवढा दगड सुटून मी होतो तिथे पडला. तिने पुन्हा सुताकडे पाहिले. "थांबलं," ती म्हणाली. मी परत गेलो.

तिसरी कपची निघाली आणि पाणी आले. आधी चिखलाचे, तांबडे, मग मनगटाएवढ्या धारेने स्वच्छ. ते कमानीवरच्या फुटक्या माथ्यातून भिंतीच्या पोटात उतरलेले पावसाचे पाणी होते. न्हाणी सहा दिवस कोरडी होती. धार अर्धा तास चालली. घड्याळ माझ्या हातावर होते.

बाईने पाय त्या पाण्यात धुतले. मग म्हणाली, "मंग माह्या नवऱ्याले सहा दिवस भर रस्त्यात आंगोळ काहून घालाले लावली?"

मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी ती सभेत सांगेन."

"सांगा तं खरं," ती म्हणाली आणि खाट आणायला गेली.

रात्रीपूर्वीच ही बातमी अध्यक्षांपर्यंत पोचली. ते आले ते चपला न काढता ओसरीवर बसले.

"गुरुजी, आपन हे सभेत सांगितलं तं काय होईल? मंडळानंच जुनी वास्तू बिघडवली म्हनतील. पाडायले लोकाइले निमित्तच पायजे. ट्रॅक्टरवाल्याइले कमान आडवी येते, ते कवाचे टपून बसले हायेत."

"मग काय करावे?"

"भोकं उघडा ना, कोन नाही म्हनते? पन कागद राहू द्या. तिले एक खोली मंडळ दुसरीकडं बांधून देईल. दरवाजाही वाचते, तीही सुटते."

त्यांचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटले, हे मी लपवणार नाही. दरवाजावर माझा जीव होता. मी रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार केला. शेवटी एवढेच उमगले की खोली त्या भिंतीसाठी पाडली गेली तर ती माझ्या एका खोट्या वाक्यावर पाडली जाईल, आणि त्या वाक्याखाली सही मी पाहून केलेली नव्हती.

सभेत मी जुना अहवाल वाचला, मग नवा वाचला. न्हाणी, सहा भोके, सिमेंट, दोन्ही भिंतींच्या रोजच्या नोंदी. मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजीनं सोताच्याच पेपरावर लाल शाई मारली बाप्पा!" आणि सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत. बाई दाराशी उभी होती. तीही हसली नाही.

सरपंचबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. "मग आता पाडायचं काय गुरुजी? खोली की दरवाजा?"

"खोली नाही," मी म्हणालो. "दरवाजाबद्दल पोळ्यापर्यंत वेळ द्यावा."

नोटीस मागे घेतली गेली. दरवाजाला पोळ्यापर्यंत मुदत मिळाली. तोवर भिंत आणखी एक बोट सरकली तर दरवाजा पाडायला यंत्र लावायचे, असे ठरले. मला याहून जास्त मागता येत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उरलेली पाच भोके उघडली आणि उत्तर भिंतीचे सिमेंट सांध्यासांध्यांतून काढू लागलो, कारण चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर सुकून जाते, सिमेंट ती आत कोंडते. आधी मंडळातले तिघेच आले. वस्तीतले दोघे जण न बोलावता आले, त्यांतला एक गवंडी होता आणि छिन्नी कशी धरावी हे त्याने मला शिकवले. चौथ्या दिवशी अध्यक्ष आले. ते माझ्याशी बोलले नाहीत, पण सगळ्यांत अवघड, कमानीजवळचा सांधा त्यांनी घेतला. मी बाईला मंडळात नाव देशील का असे विचारले.

"आधी काम नीट करा," ती म्हणाली. "मंग पाहू."

पोळ्यापर्यंत आणखी दोन मोठे पाऊस झाले. दोन्ही वेळा सहाही भोकांतून धारा लागल्या आणि भिंत पुढे सरकली नाही. फुगलेली भिंत मात्र मागे जात नाही. पोट दोन बोटे आणि वर थोडेसे बाहेर आहे, तसेच राहील. सांध्यांत आता चुना भरायचा आहे, तो पावसाळा सरल्यावर.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे : भिंत आम्ही फुगवली, पाण्याची वाट बंद करून. हे माझे दुसरे उत्तर आहे आणि पहिल्याच्या खालीही माझीच सही होती, हे वाचकांनी विसरू नये. आपल्या गावात जुनी दगडी भिंत असेल तर मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बुडाशी वाकून पाहावे, चुन्याच्या आणि सिमेंटच्या सांध्यावर हात ठेवावा आणि मी सांगितले ते खरे आहे की नाही, हे स्वतः तपासून घ्यावे.