विश्वदौरा, निषेध आणि महाप्रसाद

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा माझ्या जन्माआधीपासून कुठल्या ना कुठल्या समितीत आहेत, आणि समिती म्हटली की पत्रक आलंच. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, कपाटात साड्यांखाली पत्रकं, डब्यात पोळीखाली घडी घातलेलं पत्रक. चौथीत ताप आला तेव्हा मी बाईंना सुट्टीचा अर्ज लिहिला आणि शेवटी लिहिलं, 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' मी दोन दिवसांची सुट्टी मागितली होती, बाईंनी चार दिवसांची दिली. तेव्हापासून पत्रकावर माझा विश्वास बसला तो बसलाच.

माझी धाकटी बहीणही याच घरात वाढली. ती त्या पत्रकांची विमानं करायची.

मागच्या हिवाळ्यात एका परदेशी गायिकेचा विश्वदौरा जाहीर झाला आणि त्यातला एक कार्यक्रम मुंबईत होता. बहिणीला त्या गायिकेची सगळी गाणी पाठ. भाषा कळत नसेल, पण कुठल्या ओळीनंतर ती श्वास घेते तेसुद्धा पाठ. तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसली, कारण आमच्या पिपरी मेघे गावातल्या घरात नेटवर्क फक्त तिथंच येतं. दुपारच्या जेवणाला खाली उतरली नाही. उतरली ती दोन तिकिटं घेऊनच.

बाबांनी एकच अट घातली. "एकटी जाऊ नको. ताई येत असन त जा."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, तू येशीन ना?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणाले. तत्त्वाचा विषय निघाला की माझी बोली आपोआप पुस्तकी होते.

"मंग तत्त्वाले दोन दिवस घरी ठेव ना. बाहेरून कुलूप लावू."

मी हसले नाही. माझा आक्षेप खरा होता आणि आजही आहे. त्या विश्वदौऱ्याची यादी मी नीट वाचली होती. विश्व म्हणून जी शहरं दिली होती त्या सगळ्यांत उंच इमारती होत्या, आणि कापूस पिकतो असं गाव एकही नव्हतं. कार्यक्रमाच्या दारात त्या बाईच्या चेहऱ्याचे टी-शर्ट विकणार. त्या टी-शर्टांचा कापूस पिकवणारी माणसं विश्वात धरायची की नाही? हे मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "टी-शर्ट मी घेत नाई. आता येतं का?"

मी पत्रक लिहायला बसले.

मथळा होता 'हा विश्वदौरा कोणाचा?' खाली कापसाचा मुद्दा, यादीचा मुद्दा, आणि रविवारी दुपारी चार वाजता आमच्या अंगणात निषेध सभा. छापायला नालवाडीतल्या प्रेसवाल्या काकांकडे दिलं. हे काका लग्नपत्रिका, भागवत सप्ताह आणि तेरवीची कार्डं छापतात. त्यांच्या मते छापण्याचा कागद एक तर बोलावण्याचा असतो, नाही तर आठवण काढण्याचा. "बाई, चित्र कोणतं टाकू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वळलेली मूठ टाका. प्रूफ बघायला या म्हणाले, तर मी गेले नाही. माणसावर विश्वास ठेवला पाहिजे असं माझंच एक पत्रक होतं.

पत्रक वर्तमानपत्रांच्या घडीत घालून वाटलं गेलं तेव्हाच मी ते पाहिलं. गुलाबी कागद. वर ठसठशीत अक्षरांत 'विश्वदौरा'. मधोमध त्या गायिकेचा हसरा फोटो. मूठ होती, पण तिच्यात माइक होता. मग आमचा पत्ता, त्याआधी 'स्थळ', मग वार आणि वेळ. सर्वांत खाली वेलबुट्टीच्या चौकटीत: 'तरी सहकुटुंब येण्याचे करावे. कार्यक्रमानंतर महाप्रसाद.'

मी काकांना फोन लावला. "काका, महाप्रसाद काऊन टाकला?"

"त्याच्याबिगर खाली जागा उघडी दिसून राह्यली होती, बाई."

"आणि माझा निषेध?"

"हाये ना! फोटोच्या बाजूनं बारीक अक्षरात पूरा घेतला. एक शबद खाल्ला नाई. चष्मा लावून पाहा."

चष्मा लावून पाहिलं. पूरा होता. मुंग्यांची रांग जावी तसा होता.

रविवारी साडेतीनलाच माणसं यायला लागली. नवे कपडे, कडेवर लेकरं, एक आजी तर घरून बसायला पाट घेऊन आलेली. रोहण्याचे मामा गाडी करून आले, कारण एक गठ्ठा प्रेसमधून परस्पर एसटीने त्यांच्याकडे पाठवायला मीच सांगितलं होतं. गाडीतून ते, मामी आणि शेजारची सहा माणसं उतरली. मामांनी उतरल्याबरोबर विचारलं, "बाई आली का?"

"कोणती बाई?"

"गाणारी. तिच्यासाठी संत्री आणली."

स्वयंपाकघरात आईने सगळ्यांत मोठा पितळी गंज काढला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. "सांग, तुह्या क्रांतीले पोहे किती लागतीन?"

"आई, ही निषेध सभा आहे."

"असू दे. निषेध करून माणूस उपाशी जाते काय आपल्या घरून?"

शेजारच्या तिघी कांदे घेऊन आल्या. बाबा दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. इतकी गर्दी त्यांच्या कुठल्याच सभेला झाली नव्हती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता आणि थोडा मत्सर.

चार वाजता मी खुर्चीवर उभी राहिले. "मित्रहो," मी म्हणाले, आणि यादीच्या मुद्द्यापासून सुरुवात केली. लोक शांत ऐकत होते. आमच्याकडचे लोक भाषण शांतपणेच ऐकतात, सवय आहे. दहा मिनिटांनी पाटवाल्या आजींनी हात वर केला.

"पोरी, हे झालं की मंग गाणं हाये ना?"

गाणं नाही, असं मी सांगितलं. अंगणात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, "फसवलं." कोणी म्हणालं, "पोहे त शिजून राह्यले." एक लेकरू रडायला लागलं आणि पाठोपाठ आणखी दोन. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी सभा, आणि ती माझ्याच विरोधात उठायच्या बेतात होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बहीण आली. हातावर कांद्याचा वास, डोळे लाल, ते कांद्याने की माझ्यामुळे ते कळायला मार्ग नव्हता. तिने खिडकीत स्पीकर ठेवला, गाणं लावलं आणि ओढणी कमरेला बांधली. मग त्या परदेशी बाईची तीन गाणी तिने स्पीकरच्या वर आवाज चढवून म्हटली. नाचासकट. एक अक्षर कोणाला कळलं नाही. तिसऱ्या गाण्याला आजी पाटावरून उठल्या आणि मामी टाळीचा ठेका धरून होती. मामांनी संत्री माझ्या बहिणीला दिली.

मग पोहे आले, वर तर्री. खाता खाता मामांनी चष्मा लावला आणि माझं पत्रक, बारीक अक्षरातलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अंगणात ते वाचणारे ते एकटेच. वाचून झाल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगी बरोबर सांगून राह्यली. कापूस आपला, अन् बाई मुंबईतूनच वापस जाते. हे काई बरोबर नाई. तिले रोहण्याले बोलवा."

"माझं म्हणणं तसं नव्हतं, मामा."

"मंग कसं होतं?"

मी त्यांच्या हातातल्या पत्रकात बारीक अक्षरातली ओळ शोधू लागले. एवढ्यात हात वर झाले. गायिकेने विश्वदौऱ्यातला एक कार्यक्रम रोहण्याला करावा, असा ठराव निषेध सभेत एकमताने मंजूर झाला. सूचक मामा, अनुमोदक आजी. मंडपासाठी मामांनी त्यांचं सडकेकडचं कापसाचं वावर देऊ केलं.

बाबांचे डोळे चमकले. हा त्यांचा प्रांत. "ठराव झाला म्हंजे निवेदन आलं," ते म्हणाले. "अन् निवेदन हातोहात द्या लागते. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या लागते, शिक्का मारून. मेलनं पाठवलेलं निवेदन म्हंजे न दिलेलं. ज्यानं सभा बोलावली, त्यानंच जा लागते."

सगळे माझ्याकडे बघत होते. बहीण बघत नव्हती. ती स्पीकरची वायर गुंडाळत होती, फार सावकाश, आणि ती वायर हातभरसुद्धा लांब नव्हती. तिने काही विचारलं असतं तर मी नाही म्हणू शकले असते.

"पोच आणतो," मी म्हणाले.

मुंबईला मी प्रवासी म्हणून गेले नाही, शिष्टमंडळ म्हणून गेले. पिशवीत निवेदनाच्या दोन प्रती. मैदानाच्या दारात मनगटावर शिक्का मारून आत सोडत होते. बहीण पुढे होती, तिला शिक्का बसला. माझी पिशवी उघडली गेली.

"ये क्या है?" पहारेकऱ्याने विचारलं.

"निवेदन. मॅडम को देना है. दूसरी कॉपी पे पोच चाहिए."

"कागज अंदर नहीं जाएगा."

"तो आप लीजिए और पोच दीजिए."

पोच काय असते ते मी त्याला समजावून सांगू लागले. मागची रांग ढकलत होती. आत एकदम ढोल वाजला आणि हजारो माणसं ओरडली.

"ताई, पयलं गाणं सुरू झालं ना व!" बहीण म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. महिनाभर टाकीवर, माझ्या तत्त्वांवर जी पोरगी उघड रडली नव्हती ती आता रडायच्या काठावर होती.

"पोच घेतल्याबिगर मी हलत नाई," मी म्हणाले. बाबांना शब्द दिला होता.

तिने माझ्या हातातली दुसरी प्रत ओढली, पिशवीवर टेकवली आणि आपलं मनगट त्यावर दाबलं. शाई ओलीच होती. जांभळी चांदणी, भोवतीच्या अक्षरांसकट, कागदावर उमटली. "हे घे. झाली पोच. चाल आता!"

पहारेकरी हसला. मूळ प्रत त्याने खिशात घातली आणि आम्हाला आत सोडलं. पोच बहिणीने बुटात घातली आणि ती धावली. मी तिच्यामागे. पहिलं गाणं अर्धं मिळालं, तेवढ्यावर ती आधी रडली आणि मग शेवटपर्यंत नाचली. मी नाचले नाही. मूठ तेवढी वर होती.

घरी आल्यावर बाबांनी ती प्रत उजेडात धरली. "शिक्का उलटा हाये," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या आरशासमोर नेऊन बघितला, मान हलवली आणि प्रत फाइलमध्ये लावून टाकली, नळयोजनेच्या निवेदनाच्या मागे.

मामा अजून फोन करतात. परवा बहिणीने उचलला. पलीकडून ते इतक्या मोठ्याने बोलत होते की मला पलंगावर ऐकू आलं: मंडप कधी टाकाचा, ते तिले विचारलं का नाई?

"विचारलं ना, मामा," बहीण म्हणाली. "आंधी कापूस निंघू द्या म्हणे."