कुरडयांचा राखणदार

“स्कूटरवर आणू नका. गुरुजी, ऐकताय ना? स्कूटरवर बिलकुल आणायचा नाही.”

“आवं पण पडून राहिलाय ना तो, डॉक्टर! चोच उघडी टाकून, पंख पसरून...”

फोनवर औशाचे गुरुजी होते, निवृत्त शिक्षक. मी लातूरला जनावरांचा डॉक्टर. मे महिन्याची भर दुपार. गुरुजींचा पोपट गच्चीवर कोसळला होता आणि पिंजरा स्कूटरवर ठेवून, त्याच उन्हातून ते त्याला माझ्याकडे आणायला निघाले होते.

“आधी घरात घ्या. पंखा लांबून लावा. नळाचं साधं पाणी पायांवर, पिसांवर शिंपडा. बर्फ नको, फ्रिजचं पाणी नको. तोंडात काही ओतू नका, ठसका लागून जाईल.”

“ओतलं न्हाई. मंगलानं फकस्त कांदा दिलाय.”

“कांदा?”

“लू लागल्यावर देतेत ना. फोडून नाकाला लावला. अन् जरासा चारला.”

मी डोळे मिटून घेतले. आपल्याकडे उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा असतोच. माणसाला चालतो. पोपटाला तो विषारी, त्यानं रक्त बिघडतं.

“किती चारला?”

मागून त्यांच्या बायकोचा, मंगलाकाकूंचा आवाज आला, “आवं खाल्लाच कुठं त्यानं! मी देऊन राहिले, अन् तो थुंकून राहिला!”

“घरात एकजण तरी शहाणा आहे,” मी म्हणालो. असं बोलायला नको होतं, पण बोललो. शेजाऱ्यांची एसी गाडी मागा आणि त्यातून आणा, असं सांगून फोन ठेवला आणि सलाईन काढून ठेवलं.

हा पोपट म्हणजे सोन्या. आपला रानातला हिरवा पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. सोन्या कन्युअर नावाच्या परदेशी जातीचा, मैनेहून थोडा मोठा, पिवळाधमक. गुरुजींच्या मुलीनं, प्रणितानं, तो हातावर वाढवला होता. ती शिकायला नांदेडला गेली आणि सोन्या आईवडिलांकडे राहिला. आठवडाभर नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खायच्या आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर प्रणिताशी भांडायचं, असं त्याचं आयुष्य. त्यामुळे कॅल्शियम कमी पडलं, पाय लटपटायला लागले.

तेव्हा मीच सांगितलं होतं, ऊन द्या. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नसतं, म्हणून बाहेर न्या. सकाळचं कोवळं ऊन. अर्ध्या पिंजऱ्यावर कापड, म्हणजे नको वाटलं की त्याला सावलीत सरकता येईल. पाण्याची वाटी आत. दाराला वेगळी कडी, कारण हे पक्षी चोचीनं दार उघडतात. आणि घार-मांजराच्या भीतीनं माणूस शेजारी. गुरुजींनी सगळं माझ्याकडून वदवून घेतलं आणि मग स्वतः म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

गाडी आली, गुरुजी आणि काकू सोन्याला घेऊन उतरले. सोन्याचं अंग हाताला तापलेलं लागत होतं. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं, एवढेच त्याचे उपाय, आणि ते दोन्ही थकले होते. मी कातडीखाली सलाईन दिलं, ऑक्सिजन लावला. हात चालू ठेवून विचारलं, “कापड कुठंय?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

“कुरडयांखाली,” काकू म्हणाल्या.

मग उलगडलं. ‘माणूस शेजारी हवा’ असं मी म्हटलं होतं. काकू वाळवणाला सकाळपासून गच्चीवर असायच्याच, म्हणून पिंजराही गच्चीवर गेला. पहिल्याच दिवशी कुरडयांवर कावळे उतरले आणि सोन्या असा किंचाळला की कावळे पळाले. काकूंना राखणदार मिळाला. मग त्या खाली स्वयंपाकाला जायला लागल्या. पोपट कोवळ्या उन्हापुरता गेला होता, पण कुरडयांना कडक ऊन लागतं. राखणदार कुरडयांबरोबर राहिला. एक चादर कमी पडली, तेव्हा त्याच्यावरचं कापड निघालं.

“अहो, सगळं पाठ होतं ना तुमचं?” माझा आवाज चढला. “पोपट आहे तो, बुजगावणं नाही!”

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. “डॉक्टर, तुम्हाला दाखवूनच ठेवला होता की. तुम्हीच अंगठा दिला.”

परवाचा व्हिडिओ होता. कावळा उडतो, काकू हसतात, सोन्या चोच उघडून बसलेला. खाली माझा अंगठा. एका म्हशीचं बाळंतपण उरकून हात धुताना मी तो पाहिला होता आणि हसलो होतो. आता पुन्हा पाहिला. कावळा गेल्यावरही चोच उघडीच होती. ओरडणं कधीच थांबलं होतं. पंख लांब धरलेले, पिंजऱ्याची सावली बरोबर पिंजऱ्याखाली. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की जनावर बोलत नाही, त्याच्याकडे बघावं लागतं.

तेवढ्यात प्रणिताचा फोन आला. गुरुजींनी तो माझ्याच हातात दिला.

“डॉक्टरकाका, बाबा नीट सांगून नाही राहिले. जगेल का तो?”

“माहीत नाही, बेटा. संध्याकाळपर्यंत कळेल.”

“आईनं उन्हात ठेवला ना?”

काकू भिंतीला टेकून पदर तोंडावर धरून उभ्या होत्या.

“ठेवला. पण परवाच मला व्हिडिओ आला होता. मी नीट बघितलं असतं तर तेव्हाच थांबवलं असतं. आईला बोलू नकोस. बोलायचं असेल तर मला बोल.”

“संध्याकाळी कळवा,” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. मला रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवस कलताना सोन्यानं डोळा उघडला. मी पायाखाली बोट धरलं, त्यानं ते पकडलं. थोड्या वेळानं त्यानं तेच बोट कडकडून चावलं. रक्त आलं. काकू रडत रडत हसल्या.

तो जगला. पण गच्चीचं दार वाजलं की आजही पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दबतो. पुन्हा बाहेर काढायला दिवाळी उलटावी लागली, तेही प्रणिता घरी आल्यावर. आधी नुसता दारापर्यंत, मग अंगणात, पारिजातकाच्या सावलीला, ती शेजारी बसलेली. आता नऊ वाजायच्या आत तो घरात असतो. कुरडयांवर जाळी आली आहे. गुरुजी व्हिडिओ पाठवतात. मी अंगठा देत नाही, फोन करतो. त्यांना त्याचा कंटाळा आलाय, हे आवाजावरून कळतं.

बाकी शिकलो ते एवढंच. मराठवाड्यात कुणाला ‘ऊन द्या’ म्हणायचं असेल, तर सावलीत कधी न्यायचं ते आधी सांगावं. आणि वाळवणाचे दिवस आहेत का, तेही विचारावं.

काकूंनी त्या कुरडयांचा एक डबा माझ्याकडे पाठवला होता. बायकोनं तळल्या. परातभर फुलल्या. ऊन अगदी भरपूर मिळालं होतं.