सरळ केलेलं स्टिअरिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई जाण्याआधी आठ दिवस मी तिच्या उशाशी होतो, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाहीत. तोंडाकडे बघत सांगायची वेळ आली असती, तर आजही जमलं नसतं.

मी अमरावतीला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. अकोल्याकडची एक जिनिंग फॅक्टरी दुष्काळाच्या त्या वर्षांत बंद पडली. कापूसच येत नव्हता, तर ती चालणार कशी? तिथली एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप मोडीच्या भावात निघाली होती. वर टप नव्हता, फरशी गंजून गेलेली, पुढच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला. मी ती टेम्पोवर घालून आणली आणि घरामागच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली ठेवली. का आणली? हौस.

जीपबरोबर याकूबभाई आले. त्याच जिनिंगच्या फाटकाशी त्यांचं गॅरेज होतं — ट्रॅक्टर, जीप, पाण्याचे पंप, सगळं दुरुस्त करायचे. पण ट्रॅक्टर उभे होते, विहिरी आटलेल्या, दुरुस्तीला कोण आणणार? दर रविवारी सकाळच्या एसटीनं ते अकोल्याहून यायचे, हत्यारांची पिशवी खांद्याला. साठीच्या घरातले, बारीक अंगाचे. पहिल्याच दिवशी जीपखाली सरपटत गेले आणि आतून बोलले, "सर, हे गाडी मेली नाई. हिले फक्त कोनी विचारलं नाई."

दोन वर्षं आम्ही ती जीप उभी करत होतो. फरशी नवीन, वायरिंग नवीन, इंजिन उघडून पुन्हा बसवलेलं. मग माझ्या डोक्यात भर पडत गेली — मोठे टायर हवेत, पाटे उंच हवेत, मागे लोकांना बसता येईल अशी समोरासमोर बाकं हवीत, वर मजबूत पाइपाचा सांगाडा हवा. याकूबभाई हसायचे. "सर पुस्तकातले मेकॅनिक हायेत," असं माझ्या बायकोला सांगायचे. मीही हसायचो. पण ते मला बोचायचं. का बोचावं? ते खरं होतं म्हणूनच ना?

आता विलासचं सांगतो. विलास माझा धाकटा भाऊ. शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याची बाग होती, ती तो सांभाळायचा. मी शिकलो, नोकरीला लागलो. तो बागेत राहिला. त्या वर्षी विहिरीनं दगा दिला आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. अडीचशे झाडं त्यानं स्वतः तोडली. तोडल्यावर तो आमच्याकडे आला, अंगणात जीपपाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, हे मले देतं का? चिखलदरा पाह्यले येनाऱ्या लोकाईले फिरवीन."

मी लगेच हो म्हणालो. हे माझं चांगलं वागणं होतं, तेही नोंदवून ठेवतो. त्यानंतर सगळं काम विलाससाठी झालं. बाकं त्याच्या मापानं केली, रंगही त्याच्या पसंतीचा — गर्द हिरवा.

जीप द्यायच्या आधीच्या रविवारी याकूबभाईंनी स्टिअरिंगचा दांडा बसवला. स्टिअरिंगपासून पुढच्या चाकाकडे जाणारा हा लोखंडी दांडा. पाटे उंच केल्यामुळे तो नवीन लांबीचा करावा लागला होता. त्याच्या टोकाला एक नट असतो, आणि तो नट फिरून निघू नये म्हणून आरपार एक छोटी पिन घालून तिची टोकं वाकवतात. याकूबभाईंनी ती माझ्यासमोर घातली. मी पाहिलं. हे नीट वाचा — मी पाहिलं.

आम्ही गल्लीत एक चक्कर मारून आलो. गाडी झकास चालली. फक्त गाडी सरळ जाताना स्टिअरिंग जरासं तिरकं राहत होतं. दोन बोटं डावीकडे. "त्यानं काई बिघडत नाई सर," याकूबभाई म्हणाले, "पुढच्या इतवारी करून देतो."

पुढच्या रविवारी सकाळी विलास जीप न्यायला येणार होता. चिखलदऱ्यातल्या एका लॉजवाल्याला त्याला ती दाखवायची होती. पसंत पडली असती तर सीझनभराचं काम होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी एकटाच शेडखाली गेलो. ते तिरकं स्टिअरिंग मला बघवत नव्हतं. आणि दुसरंही होतं — रविवारी याकूबभाईंना सांगायचं होतं की बघा, मी केलं. दांड्याचं टोक सोडवायला ती पिन काढावी लागली. काढताना ती तुटली. दांडा मी अर्धा फेरा फिरवला, टोक परत बसवलं, नट आवळला. स्टिअरिंग अगदी सरळ झालं. दोन-तीनदा मी नुसता सीटवर बसून ते बघत राहिलो.

पिन उरली नव्हती. राजकमल चौकाच्या अलीकडे स्पेअर पार्टचं दुकान होतं, स्कूटरवर दहा मिनिटं. ऊन फार होतं. पेपर तपासायचे होते. नट हाताला घट्ट लागत होता. म्हटलं, सकाळी आणू. आणि मग विसरलो.

नाही. 'विसरलो' हे आत्ता सवयीनं लिहिलं. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलोय. खरं असं आहे की रविवारी सकाळी सात वाजता विलासनं इंजिन सुरू केलं, तेव्हा मला ती पिन आठवली. स्पष्ट आठवली. मी फाटक धरून उभा होतो. "थांब, दहा वाजता याकूबभाई येतायत, त्यांना एकदा बघू दे," एवढं म्हणायचं होतं. पण मग ते विचारणार, काय खोललं? आणि हसणार. बायकोसमोर, विलाससमोर.

विलासनं आनंदानं हात हलवला. "चाललो दादा. संध्याकाळपर्यंत येतो."

मी म्हणालो, "सावकाश जा."

दहाला याकूबभाई आले. जीप गेलेली बघून जरा हिरमुसले. त्यांना तिला जाताना बघायचं होतं. आम्ही अंगणात चहा घेतला. अकराच्या सुमारास फोन वाजला. परतवाड्याच्या वरच्या घाटात एका वळणावर स्टिअरिंग फिरलं, पण चाकं फिरली नाहीत. जीप कठडा तोडून खाली गेली आणि सागाच्या झाडांत अडकली. विलास जिवंत होता. उजवा पाय जीपखाली होता.

त्याला अमरावतीला आणलं. रक्त हवं होतं. माझ्याआधी याकूबभाईंनी बाही वर केली. डॉक्टर म्हणाले, वय जास्त आहे, नको. ते हात जोडून मागे लागले, "घ्या ना साहेब, काई होत नाई मले." शेवटी घेतलं नाही. ते भिंतीला टेकून बसून राहिले. विलासचा पाय मांडीपासून काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात परतवाड्याचा मेकॅनिक आला, ज्यानं जीप वर ओढून काढली होती. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की दांडा सुटलेला होता, नट निघून गेलेला, आणि भोकात पिनेचा मागमूस नव्हता. सगळे याकूबभाईंकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते आठवायचा प्रयत्न करत होते.

थोड्या वेळानं त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. आवाज अगदी खालचा. "सर, राग नका मानू. तुमीन ते खोललं तर नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानंतर त्यांनी माझ्यावर एक क्षणही संशय घेतला नाही. मान हलवली. "मंग मीच इसरलो असन. मले वाटते टाकली होती... पण नसन टाकली." आणि खाली वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. मी त्यांना उठवलं. उठवताना मी काय म्हणालो, ते सांगू? मी म्हणालो, "जाऊ द्या. चूक होते माणसाकडून."

त्यानंतर त्यांनी परत कधी गाडीखाली हात घातला नाही. गॅरेज बंद केलं. अकोल्याच्या बायपासजवळ पंक्चर काढायला बसू लागले. कुणी ब्रेक बघायला सांगितले तर म्हणायचे, मले नाई जमत. चाळीस वर्षं ज्या हातांवर विश्वास ठेवून लोक घाट उतरले, त्या हातांवर त्यांचा स्वतःचाच विश्वास उरला नाही. तो मी काढून घेतला, एका शब्दात. आणि ते बघायला मी दोनदा गेलोही. एकदा माझ्या स्कूटरचं पंक्चर त्यांनी काढलं. चाक बसवून झाल्यावर नट तपासला. पुन्हा तपासला. मी किक मारली, तर "थांबा सर" म्हणून तिसऱ्यांदा तपासला.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. पंधरा दिवसांनी मी अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, मला आतल्या खोलीत बसवलं, चहा केला. म्हणाल्या, "सगळे बोलले त्याईले. तुमचे भाऊ तर हक्कानं बोलले, त्याईचा पाय गेला. पन तुमी एक लफ्ज बोलले नाई. ते नेहमी म्हनत, सरसारखा माणूस नाई."

तेव्हा तरी खरं सांगावं? आता तर ऐकायला तेही नव्हते, हसायला कुणी नव्हतं. भाभी समोर होत्या. मी चहा पूर्ण प्यायलो, कप खाली ठेवला आणि म्हणालो, "फार मोठे कारागीर होते."

विलास शेंदूरजन्यालाच असतो. संत्र्याच्या मंडीत क्रेट मोजायला बसतो, कुबडी बाजूला ठेवून. तो चांगला माणूस आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही. फक्त याकूबभाईंचं नाव निघालं की त्याचा चेहरा बदलतो. "त्या म्हाताऱ्यानं माहा पाय खाल्ला," म्हणतो, आणि थुंकतो. ते गेल्याचं मी त्याला सांगितलं, तेव्हाही थुंकला.

मी शेजारीच बसलो होतो.